कप ओठाला लावून

अमेरिकेत मेपल सिरप पहिल्यांदा चाखणारा प्रत्येक मराठी माणूस एकच वाक्य बोलतो. "अगं, ही तर आपली काकवी." मी हे वाक्य एडिसनमध्ये ऐकलंय, श्रूजबरीत ऐकलंय, आमच्याच घरी जेवायला आलेल्या काका-काकूंकडूनही ऐकलंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला याचा राग येतो, आणि तो का येतो हे सांगायला जरा मागं जावं लागेल. एके काळी माझं या देशातलं राहणं सिरपची चव ओळखण्यावर अडलं होतं, आणि मला ती ओळखता येत नव्हती.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नागपुरात फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठात एम.एस.ला आले. वडील तालुक्याच्या शाळेत मास्तर. अमेरिकेतली फी भरायचा प्रश्नच नव्हता. विभागातल्या एका प्रोफेसरबाईंनी मला असिस्टंटशिप दिली, म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्या बदल्यात फी माफ. बाई पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. बाकीचे विद्यार्थी त्यांना सरळ पहिल्या नावानं हाक मारायचे. मला ते जमेना, आणि 'मॅडम' म्हटलं की त्यांना आवडेना. म्हणून मी दोन वर्षं त्यांना कसलीच हाक न मारता काढली. टेबलासमोर जाऊन उभी राहायची आणि त्यांनी वर बघायची वाट पाहायची.

काम मेपल सिरपचं होतं. तिकडच्या डोंगरांत मेपलची जंगलं आहेत. फेब्रुवारी संपताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडं ऊन असं सुरू झालं की झाडातला रस वाहू लागतो. खोडाला बारीक भोक पाडायचं, तोटी ठोकायची, खाली बादली लावायची. रस दिसायला पाण्यासारखा, चवीलाही जवळजवळ पाणीच. तो लांबट कढईत लाकडांवर आटवायचा. चाळीस बादल्या रस आटवला तर एक बादली सिरप मिळतं. गावोगावचे शेतकरी आपल्या सिरपचे नमुने आमच्याकडे पाठवायचे आणि आम्ही त्यांचा रंग, घट्टपणा आणि चव तपासून निकाल कळवायचो.

रंग सोपा. लाकडी चौकटीत ठरलेल्या रंगांच्या छोट्या बाटल्या असत. नमुन्याची बाटली त्यांच्या शेजारी ठेवायची आणि खिडकीच्या उजेडात धरायची. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकं सोनेरी, मग गडद होत जातं. घट्टपणा त्याहून सोपा, तो काचेची नळी तरंगवून मोजायचा. चव मात्र यंत्राला कळत नाही. सिरप करपलेलं असतं, आंबलेलं असतं, कधी फेस मारायला टाकलेलं तूप खवट असतं. ऊन वाढून झाड जागं झालं की सिरपला जुन्या पुठ्ठ्याची चव येते. आणि सगळ्यात शेवटी, झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की रसात एक विचित्र वास उतरतो. त्याला तिकडं कळीची चव म्हणतात. ती आली की हंगाम संपला. मग कितीही रस वाहो, ते सिरप कुणी टेबलावर ठेवत नाही.

एप्रिलच्या शेवटी या सगळ्याची परीक्षा असायची. बारा कप समोर येणार, प्रत्येकात काय बिघडलंय, की काहीच बिघडलेलं नाही, ते लिहायचं. नऊ बरोबर आले तर तपासणी पॅनेलवर जागा, आणि पुढच्या वर्षीची असिस्टंटशिप. नाही आले तर बाई दुसरा विद्यार्थी घेणार. हे त्यांनी पहिल्याच दिवशी शांतपणे सांगितलं होतं. दुसरा विद्यार्थी म्हणजे माझं नागपूरचं तिकीट.

मी अभ्यासात कधी मागं राहिलेली नव्हते. बाईंनी चवींची यादी दिली ती मी दोन दिवसांत पाठ केली. पाठ करून उपयोग काय? यादीत व्हॅनिला, मार्शमेलो, ग्रॅहम क्रॅकर नावाचं बिस्किट, असलं काय काय होतं. मार्शमेलो मी उभ्या जन्मात खाल्लेला नव्हता. तो आणून खाल्ला तर तोंडात गोड कापूस कोंबल्यासारखं झालं. माझी पंचाईत बाईंच्या लक्षात आली असावी. त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि म्हणाल्या, तुझ्या जिभेला जे आठवेल ते तुझ्या भाषेत लिही, मला वाचता आलं नाही तरी चालेल. मग मी लिहायला लागले. भाजलेला रवा. खरवस. जायफळ. सुपात राहिलेल्या जुन्या लाह्या. खवट शेंगदाणा. ती वही माझ्याकडे अजून आहे आणि तिच्या पानांना अजून चिकटपणा आहे.

बाकी नियमही होते. चाखायच्या दिवशी अत्तर नाही, पुदिन्याची गोळी नाही, च्युइंग गम नाही. मी यातलं काहीच वापरत नसे म्हणून निर्धास्त होते. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी अवघडत विचारलं की खोलीत नारळ कुठून येतोय. माझ्या वेणीतून येत होता. त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार केसांना तेल बंद झालं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्यासोबत पुण्याची एक मुलगी होती, कॉम्प्युटर सायन्सची. ती मला सराव करून द्यायची. बाईंकडून आणलेले नमुने छोट्या वाट्यांमध्ये ओतायची, कागदावर नंबर टाकायची आणि मी डोळे मिटून चाखायचे. तिनं स्वतः पहिल्याच दिवशी चाखून 'काकवी' म्हणून टाकलं होतं, त्यामुळे तिच्याकडून अपेक्षा नव्हती. पण माझा निकाल तिच्याहून फार वेगळा लागेना. करपलेलं मला लगेच कळायचं. आंबलेलं कळायचं. पुठ्ठा, कळी, जुनं कापड, असं काहीही हलकंसं उतरलेलं असलं की माझ्यासाठी सगळं नुसतं गोड. प्रयोगशाळेतही तेच. बारापैकी चार. मग पाच. मग परत चार.

"यार, गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते हेच का?" ती एकदा म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिनं गंमत केली होती हे मला कळत होतं, पण मला ती झोंबली, कारण मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं. चांगलंचुंगलं खायची सवय असलेल्या घरातल्या मुलींना हे जमत असेल. आमच्याकडे भाजी खारट झाली की पाणी घालायचे आणि जेवायचे. जिभेला निवड करायला शिकवलंच कुणी होतं?

बाईंनाही कोडं पडलं होतं. वास ओळखायच्या चाचणीत मी चांगली होते. बाटलीचं झाकण उघडून नाकाशी धरलं की बहुतेक वास बरोबर सांगायचे. म्हणजे नाक ठीक होतं. तोंडात सिरप गेलं की सगळं बिनसायचं. चाखायची जागा अशी होती की प्रत्येकाला लाकडी आडोशाचा वेगळा खण, समोर भिंतीत छोटी खिडकी. त्या खिडकीतून पलीकडून नमुन्यांचे इवलेसे कप येत आणि आपण चिठ्ठी परत सरकवायची. आत बसलेला माणूस कसा चाखतो हे बाहेरच्याला दिसत नसे. बाईंना फक्त माझ्या चिठ्ठ्या दिसायच्या.

मार्चच्या शेवटी त्यांनी मला डोंगरातल्या एका सिरपवाल्याकडे पाठवायला सुरुवात केली. दर आठवड्याला त्याच्या ताज्या सिरपचे नमुने आणायचे आणि वाटलं तर चार गोष्टी शिकूनही यायच्या. मी जुनी खटारा गाडी घेतली होती. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झालेला. पहिल्या दिवशी चाक रुतलं आणि शेवटचा अर्धा मैल मी चालत गेले.

सिरपवाला सत्तरीच्या पुढचा. लाकडी खोपटं, छपरातून वाफेचे लोट, आत त्याची बायको भट्टीत लाकडं सरकवत होती. दोघंही मोजकं बोलणारी. त्यानं मला कढईपाशी उभं केलं आणि हातानंच दाखवलं. पळा बुडवून वर उचलायचा. सिरप थेंब-थेंब पडलं तर अजून वेळ आहे. कडेवरून पदरासारखं रुंद होऊन लोंबलं की कढईची तोटी उघडायची. मग त्यानं खुंटीवरचा एक जाड पांढरा चिनी मातीचा कप काढला. कपाचा कान तुटलेला होता. त्यात दोन बोटं सिरप घेतलं, हलवलं, फुंकर मारली, एक घोट घेतला. कप बायकोला दिला. तिनं एक घोट घेतला आणि कप माझ्यापुढं केला.

मी कप घेतला, मान मागं टाकली आणि वरून तोंडात धार सोडली. आम्ही घरी पाणी प्यायचो तसं. सिरप म्हणजे पाणी नव्हे. शेवटची तार हनुवटीवर आली आणि तिथून स्वेटरवर. मी हसले. ती दोघं हसली नाहीत. म्हाताऱ्यानं कप माझ्या हातातून घेतला, कपाकडे पाहिलं आणि खुंटीला लावला. नमुन्याच्या बाटल्या भरून दिल्या. जाताना जपून जा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा खिडकीच्या फळीवर कागदी कपांची एक नवीकोरी चळत होती. त्यानं आणि बायकोनं पांढऱ्या कपातून घोट घेतले. शेजारचा एक शेतकरी काहीतरी मागायला आला होता, त्यालाही तोच कप दिला. मग म्हाताऱ्यानं चळतीतला एक कागदी कप काढला, त्यात सिरप ओतलं आणि तो मला दिला.

मी ते सिरप प्यायले, बाटल्या घेतल्या, थँक यू म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. मग डोंगर उतरेपर्यंत त्या म्हाताऱ्याला मला मराठीतून येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या.

खिडकीतला वेगळा पेला मला ओळखीचा होता. वडील पहिल्यांदा नोकरीला लागले त्या शाळेत मास्तरांच्या खोलीत पाण्याचा माठ होता आणि माठावर पेले पालथे घातलेले असायचे. वडिलांचा पेला तिथं नसायचा. तो खिडकीत ठेवलेला असायचा. कुणी काही बोलायचं नाही. शिपाई फक्त ठेवायचा. ही गोष्ट वडिलांनी आम्हाला कधी सांगितली नाही, आईनं सांगितली. पुढे हेडमास्तर बदलले, पेला खिडकीतून गेला, वडिलांचीही बदली झाली. पण आम्हा भावंडांना त्यांनी एक गोष्ट लहानपणापासून पक्की शिकवली. भांडं ओठाला लावायचं नाही. घरी नाही, दारी नाही, शाळेत तर नाहीच. आम्ही त्याची शर्यत लावायचो. पांढऱ्या गणवेशावर एक थेंबही न सांडता पूर्ण तांब्या रिकामा करण्यात माझा पहिला नंबर असायचा. पुढे नागपूरच्या हॉस्टेलमध्ये सगळ्याच मुली बाटलीनं वरूनच पाणी प्यायच्या, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. ती आपली पाणी प्यायची पद्धत, बस.

मी सोमवारी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिल्यावर म्हणाले की मी त्या माणसाकडे पुन्हा जाणार नाही. का, विचारलं तर कागदी कपाची गोष्ट सांगितली. त्वचेच्या रंगाचाही उल्लेख केला. तोपर्यंत माझा आवाज चढला होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्याचा मला फोन आला होता. 'तुझ्या त्या मुलीला माझ्या कपाला तोंड लावायचं नव्हतं,' तो म्हणाला. 'कप घाणेरडा वाटला असेल.' म्हणून तो गावात जाऊन तुझ्यासाठी कागदी कप घेऊन आला."



"तू पितेस कशी, मला दाखव," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नळाचं पाणी एका काचेच्या भांड्यात भरून दिलं.

मी मान मागं टाकून प्यायले. एक थेंब सांडला नाही. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा प्यायला लावलं, या वेळी माझ्या गळ्याकडे बघत. त्या खणात सिरपसुद्धा असंच पितेस का, विचारलं. मी हो म्हटलं. कप कितीही लहान असो, हात आपोआप वर जायचा.

बाईंनी मग कागदावर नाक, जीभ आणि घसा काढला. वरून ओतलेली धार सरळ घशाशी पडते. कप नाकाखाली येतच नाही, त्यामुळे प्यायच्या आधीचा वास गेला. तोंडात थांबत नाही, त्यामुळे जिभेवरून मागच्या वाटेनं नाकात चढणारा वासही गेला. घशात झोंबतं ते करपलेलं आणि आंबलेलं, तेवढंच कळतं. बाकी सगळं गोड. "तू सिरप पीत नाहीस," त्या म्हणाल्या, "तू ते चुकवतेस."

कोडं सुटलं म्हणून त्या खूश होत्या. मी नव्हते. मला म्हाताऱ्याची शरम वाटत होती. आणि खरं सांगायचं तर रागही पूर्ण गेला नव्हता, फक्त तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

खणात बसून मी कप ओठाला लावून बघितला. आता हे वाचताना हसू येईल, पण मला ते जमेना. कपाची कड ओठाला टेकली की घसा आवळायचा. एकदा तर ठसका लागून सिरप नाकातून आलं. वीस-बावीस वर्षांची सवय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यात परीक्षेला तीन आठवडे राहिलेले.

रविवारी सकाळी घरी फोन करायचा रिवाज होता, तेव्हा तिकडं संध्याकाळ असायची. शेजारच्यांकडे फोन होता, वडील वेळेवर येऊन बसायचे. जयभीम झालं, तब्येती झाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. कप, कागदी कप, बाईंनी काढलेलं नाक. खिडकीतल्या पेल्याचं नाव मी काढलं नाही, पण पेला आमच्या दोघांच्या मध्ये होताच.

मग ते म्हणाले, "आपल्याला कुणी वेगळा पेला देऊ नये, म्हणून तुम्हाला वरून प्यायला शिकवलं होतं. तिथं त्याच्यापायीच वेगळा मिळत असंल, तर सोडून दे नं."

एवढंच. जेवलीस का, थंडी कशी आहे, आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रडले. पुण्याच्या मैत्रिणीनं काय झालं विचारलं. मी सांगितलं, सगळंच, खिडकीपासून. मग तिनं शेल्फवरून तिचा स्वतःचा कॉफीचा मग काढला, पाणी भरलं, एक घोट प्यायली आणि माझ्यापुढं ठेवला.

"प्रॅक्टिस कर," ती म्हणाली. "आणि ते गाढवाचं मी बोलले ना, सॉरी."

त्या आठवड्यात आम्ही घरात चहा एकाच मगमधून प्यायलो. सुरुवातीला मी डोळे मिटून घ्यायचे. मग घसा हळूहळू सैल झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी डोंगरात गेले. बर्फ झाडांच्या बुंध्याशी तेवढा उरला होता, रस्ता सुकला होता. मी येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं उष्टं करत नाहीत, मी तुमचा कप घाण समजले नव्हते, असं काहीतरी. उष्टं या शब्दाला इंग्रजी शब्द सापडला नाही. तो तिथं लागतच नसावा.

खोपट्यात म्हातारा आणि त्याची बायको दोघंच होती. कढई उकळत होती, पण वाफेचा वास मला दारातच वेगळा वाटला. म्हाताऱ्यानं पळा उचलून पाहिला, तोटी उघडली, पांढऱ्या कपात दोन बोटं सिरप घेतलं. फुंकर मारली आणि एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बायकोला कप दिला, तिनं घोट घेतला, तीही गप्प. मग तिचा हात खिडकीतल्या कागदी कपांकडे गेला.

"मला तो चालेल," मी म्हणाले आणि पांढऱ्या कपाकडे बोट दाखवलं. जुळवलेली सगळी वाक्यं राहून गेली.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं कप तिच्या हातातून घेऊन मला दिला. "गरम आहे," तो म्हणाला.

मी कप दोन्ही हातांनी धरला, कारण कान नव्हता. कड जाड होती आणि कोमट. मी ती ओठाला लावली. आधी वाफ नाकात गेली, मग सिरप जिभेवर आलं, आणि मी ते तिथंच थांबवलं, बाईंनी शिकवलं होतं तसं. नाकातून श्वास सोडला. गोड होतंच. पण त्या गोडाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, आधी कधी न कळलेलं, आणि तरी ते मला पूर्ण ओळखीचं होतं. मटकी मोड यायला फडक्यात बांधून एक दिवस जास्त राहिली की त्या फडक्याला जो वास येतो, तो. आमच्या घरी खिळ्याला लटकवलेली पुरचुंडी मला दिसली.

दोघं माझ्याकडे बघत होती. तिसरा चाखणारा काय म्हणतो याची ती वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं. आधीही ती अशीच वाट बघत असावीत, आणि मी थँक यू म्हणून निघून जात होते.

"कळ्या," मी म्हणाले. "कळ्या आल्यात."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "सकाळपासून मला वाटत होतं," तो म्हणाला. "पण आपलं आपल्याला म्हणवत नाही."

त्यानं माझ्या हातातून कप घेतला. तळाशी थोडं उरलं होतं. ते त्यानं, खात्री करायला, तसंच पिऊन टाकलं. मग भट्टीचं दार उघडून लाकडं मागं ओढली. बायकोनं वेळ वाया न घालवता कढई धुवायला पाणी आणलं. हंगाम संपला होता. मी बाह्या सारून त्यांना कढई घासायला मदत केली आणि नमुन्याची एक बाटली घेऊन निघाले.

परीक्षेत बारापैकी दहा आले. चुकलेल्या दोनांपैकी एक सर्वांचंच चुकलं होतं. बाईंनी चिठ्ठी बघितली, काही न बोलता पॅनेलच्या यादीत माझं नाव लिहिलं आणि पुढच्या वर्षाचे कागद सहीसाठी पुढं केले.

रविवारी मी वडिलांना निकाल सांगितला. बरं झालं, ते म्हणाले. शेजारच्यांनाही मोठ्यानं सांगितलं, तिकडं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. त्या म्हाताऱ्याच्या कपाचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी प्यायले, सांगितलं. ओठाला लावून प्यायले.

"तुझ्यानंतर कुणी प्यायलं त्यातून?"

"तोच प्यायला, बाबा. उरलेलं."

"पुसून?"

"नाही. तसंच."

मग वडिलांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आणि चव कशी होती?"

"वाईट," मी म्हणाले. "एकदम वाईट होती."

ते हसले. मी त्यांना फोनवर इतकं मोठ्यानं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं.